चौथ्या शेपटीवरचा डबा

बाबांच्या टेबलावरचा डबा बंद करायचा नाही, हा त्या घरातला कायदा होता. पंखा बंद करा, नळ बंद करा, वाटल्यास एकमेकांशी बोलणं बंद करा, पण डब्याचा प्लग काढायचा नाही. आईनं त्या प्लगवर जखमेला लावायची चिकटपट्टी उभी-आडवी मारून ठेवली होती. एकदा थोरल्या मुलानं मोबाइल चार्ज करायला तिथं हात घातला, तर तिनं त्याला असं फैलावर घेतलं की पुढे तो त्या भिंतीच्या वाटेलाच गेला नाही.

डबा म्हणजे विटेएवढा लोखंडी ठोकळा. पुढे जाळी, बाजूला आवाजाचं बटण, मागे एक जाड वायर. बाबांची दृष्टी तरुणपणीच गेलेली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे उमटेल ते त्या वायरीतून डब्यात जाई आणि डबा ते वाचून दाखवी. आवाज कसला, सर्दी झालेला दारवान! पण बाबांनी एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर म्हणून जन्म काढलेला, कान तयार. ते त्या आवाजाला इतके सरावले की पुढे गोड बोलणारी नवी यंत्रं आली तेव्हा त्यांनी ती सरळ परत पाठवली. गुळगुळीत बोलणाऱ्यांवर त्यांचा कधीच विश्वास नव्हता.

डबा परक्या मुलखातला, इंग्रजी अक्षरांत लिहिलेले आपले शब्द तो जमेल तसे वाचायचा, पण आपल्या घरातलं बोलणं त्याला काय माहीत. ते त्याला आईनं शिकवलं. आई कचेरीत टायपिस्ट होती, आणि कुठल्याही यंत्राबरोबर येणारी पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचायची तिला खोड. डब्याच्या पुस्तिकेत तिला एक गोष्ट सापडली. अमुक शब्द आला की त्याच्या जागी तमुक बोल, असं डब्याला पढवून ठेवता येतं. झालं! बाबा दुपारी आडवे झाले की बाईसाहेब डब्यासमोर. एका संध्याकाळी बाबा कामाला बसले, काहीतरी चुकलं, आणि नेहमीच्या 'एरर'ऐवजी डबा म्हणाला, "झाला का घोळ?" बाबा खुर्चीवरून पडायचेच बाकी राहिले.

तिथून पुढे ती थांबलीच नाही. एखादी फाइल सापडली नाही की डबा म्हणे, "समोर तर आहे, नीट बघा." हे कुणाला, तर दिसत नसलेल्या नवऱ्याला! काही पुसायला गेलं की, "पुसताय? मग रडायचं नाही." कॉम्प्युटर सुरू केला की, "बसा. पाठ सरळ ठेवा." आणि काम आटोपलं की, "उठताय? दिवा बंद करा." त्या खोलीची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडायची, त्यामुळे तिथं भरदिवसाही दिवा लागे. आई आत-बाहेर करताना तो लावायची आणि विसरायची, आणि तो बंद करण्याचं काम ज्याला त्याचा काडीचा उपयोग नाही त्याच्या गळ्यात. बाबा कुरकुरत उठायचे आणि दाराजवळचं बटण दाबून बाहेर पडायचे.

यात मेख एकच होती. डब्याला शिकवलेलं सगळं वीज असेतो टिकायचं. आणि डबा शब्द घ्यायचा, परत द्यायचा नाही. तुझ्या पोटात काय काय आहे ते दाखव, असं त्याला विचारायची सोयच नव्हती. आईनं कुठं काही उतरवूनही ठेवलं नव्हतं. सुचेल तसं घालत गेली. म्हणून तो कायदा, म्हणून ती चिकटपट्टी, आणि म्हणून टेबलाखाली, भिंतीलगत, वीज गेली तर उपयोगी पडणारी भलीमोठी बॅटरी, डब्याचा प्लग तिच्यातच खोचलेला.

आई गेली ती अशी झटक्यात गेली की कुणाला काही सांगायला सवड मिळाली नाही. बाबा कित्येक दिवस त्या खोलीत फिरकले नाहीत. मग एका सकाळी भिंतीला हात लावत गेले, कॉम्प्युटर सुरू केला, आणि डबा म्हणाला, "बसा. पाठ सरळ ठेवा." धाकटी मुलगी तेव्हा स्वयंपाकघरात होती. वडिलांचं रडणं तिनं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

पण खरी गंमत पुढेच. बाबा कुणाला तरी पत्र लिहीत होते, त्यात छत्रीचा उल्लेख आला. शब्द टाइप झाला मात्र, डबा बोलला, "दारामागे आहे. न्याल तर परत आणाल." बाबांनी हे आधी कधी ऐकलेलं नव्हतं. इतक्या वर्षांत त्या कॉम्प्युटरवर छत्री हा शब्दच आला नसावा. म्हणजे आईनं नुसते कॉम्प्युटरचे शब्द बदलले नव्हते; घरातले, रोजचे, वाटेल ते शब्द आत पेरून ठेवले होते, आणि नवरा कधीतरी त्यांवर पाय देईल म्हणून गालातल्या गालात हसत बसली होती.

त्या दिवसापासून बाबांना एक काम मिळालं. रोज चार-दोन शब्द टाइप करून बघायचे. जास्त नाही, हावरेपणा केला तर संपून जाईल, ही भीती. बहुतेक शब्द डबा जसेच्या तसे वाचायचा. पण 'गोळी' लिहिलं तर म्हणाला, "घेतली का? खोटं बोलू नका." 'चष्मा' लिहिलं तर, "माझा चष्मा तुम्हाला कशाला हवा?" असं काही हाती लागलं की बाबा धाकटीला कामावर फोन करायचे आणि डब्याच्या आवाजाची नक्कल करून ऐकवायचे. धाकटी कारखान्याच्या गोंगाटात एका कानात बोट घालून ऐकायची. कधी हसायची, कधी संडासात जाऊन तोंड धुवून यायची. थोरल्यानं सुचवलं की सगळं रेकॉर्ड करून ठेवा. बाबा म्हणाले, जे मिळालंय ते मला पाठच आहे, जे मिळायचंय ते कसं रेकॉर्ड करू?

आणि अशात कॉम्प्युटर मेला. जळका वास आला, पडदा काळा, खेळ खलास. डबा मात्र बॅटरीवर शाबूत, त्याचा हिरवा दिवा चालू. आई आत आणि बाबा बाहेर, मधली वायर कुठं लावायला जागा नाही, अशी गत.

आता हे दुखणं धाकटीनं नाही निस्तरायचं तर कुणी? तिचं पोटच त्यावर भरत होतं. ती ज्या कारखान्यात होती तिथं मोठमोठे वजनकाटे लिनक्स या प्रणालीवर चालणाऱ्या कॉम्प्युटरांना जोडलेले होते, आणि ते जोडले होते याच असल्या जुन्या, जाड वायरींनी, ज्या सिरियल पोर्ट नावाच्या तोंडात बसतात. नव्या कॉम्प्युटरांना तो पोर्ट नसतोच. वेगळं कार्ड आणून बसवावं लागतं. तिनं एक नवा कॉम्प्युटर घेतला, चार पोर्टांचं कार्ड आणलं आणि सुट्टीच्या दिवशी सकाळीच बाबांकडे येऊन थडकली.

बाबा तिच्यापाशी खुर्ची ओढून बसले. "धाकटे," ते म्हणाले, "बाकी काही बिघडलं तरी चालेल. डबा विसरता कामा नये."

ती म्हणाली, बाबा, मला कळतंय. आणि तिला कळत होतंच. तिनं डोळ्यांत तेल घालून काम केलं. टेबल सरकवायचं तर डबा आधी कडेवर घेतला, तान्ह्या मुलासारखा, प्लग न काढता. वायर पायात येऊ नये म्हणून खाली चिकटवून टाकली. मग नव्या कॉम्प्युटरचं पोट उघडून कार्ड खाचेत बसवलं. कार्डाच्या मागून एकाच गड्ड्यातून चार शेपट्या निघत होत्या, प्रत्येकीच्या टोकाला एक पोर्ट.

लिनक्सनं कार्ड ओळखलं, पण नवे पोर्ट काही दाखवेना. हे तिच्या सवयीचं होतं. अमुक इतकेच पोर्ट धरायचे असं लिनक्सच्या मनात आधीच ठरलेलं असतं, त्याला वर आणखी चार आहेत म्हणून सुरुवातीलाच बजावावं लागतं. तिनं बजावलं, कॉम्प्युटर पुन्हा चालू केला, आणि चारही पोर्ट हजर झाले. आता कोणती शेपटी म्हणजे कोणता पोर्ट? कार्डावर छापलेल्या आकड्यांवर विसंबणारी ती नव्हे. दुसरा कुणी असता तर डबाच एकेका शेपटीला लावून बघत बसला असता. तिनं डब्याला हातही लावला नाही. कागदाची टाचणी वाकवली, शेपटीच्या तोंडातल्या दोन पिना तिनं जोडल्या, म्हणजे पाठवलेलं अक्षर तिथूनच वळून परत येतं. चारही शेपट्या अशा तपासल्या. छापील आकडे निघाले बरोबर उलटे. लिनक्सचा पहिला पोर्ट तो चौथ्या शेपटीवर. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, तुझ्या आईनंच बनवलं असणार हे कार्ड. दोघंही हसली. आई गेल्यापासून त्या खोलीत दोघं मिळून हसली ती तेव्हाच.

दुपारी जेवून बाबा आडवे झाले. सगळं तयार झालं की उठव, म्हणाले. सकाळपासून त्यांच्या तोंडावर लग्नघरातल्या पोरासारखा आनंद होता.

उरलं होतं ते फक्त सुरुवातीचं कामकाज लिहिणं, म्हणजे कॉम्प्युटर चालू झाला की त्यानं चौथ्या शेपटीशी कुठल्या वेगानं बोलायचं, पडद्यावरचं तिकडे कसं पाठवायचं, वगैरे. हे तर तिनं शेकडो वेळा लिहिलेलं. कारखान्यातलं तयार होतंच, तिच्याच हातचं, वर्षानुवर्षं न अडखळता चाललेलं. तिनं ते आणलं, वेग बदलला, पोर्टाचं नाव बदललं, एकदा वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, डबा चौथ्या शेपटीला जोडला आणि कॉम्प्युटर चालू केला.

डब्याच्या आत टक् असा आवाज झाला. मग तो म्हणाला, "सिस्टिम रेडी."

ती पडद्याकडे बघतच राहिली. 'बसा' नाही, 'पाठ सरळ' नाही.

त्या कामकाजातली पहिलीच ओळ अशी होती: समोरच्या यंत्राला आधी कोरं करा. वायरीतून एक ठरलेला इशारा पाठवायचा, की पलीकडचं यंत्र नव्यानं सुरू होतं आणि मागचं सगळं विसरतं. वजनकाट्यांना ते लागतंच. आधीच्या गाडीचं वजन काट्यात राहिलं तर पुढचा सगळा हिशेब बोंबलला. हा नियम कारखान्यात तिनंच घालून दिलेला, तिनंच सगळ्यांच्या गळी उतरवलेला. ती ओळ तिच्या इतकी अंगवळणी पडली होती की डोळ्यांसमोर असून ती दिसलीच नाही. सगळ्या घरानं प्लगचं भय बाळगलं, पट्ट्या मारल्या, बॅटरी ठेवली. वायरीचं भय कुणी बाळगलं नाही, आणि ज्या एकीला ते ठाऊक असायला हवं होतं तिनं स्वतःच्या हातानं तो हुकूम धाडला.

तिनं 'छत्री' टाइप केलं. डबा म्हणाला, "छत्री." 'गोळी' केलं. "गोळी." तिनं तोंडात पदर कोंबला आणि आवाज न करता रडली, कारण भिंतीपलीकडे बाबा झोपले होते आणि त्यांचे कान तयार होते.

मग तिनं जे केलं ते करायला नको होतं. पण त्या वेळी त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला काय सुचणार? डब्याचा आवाज शून्यावर आणला, पुस्तिका उघडली आणि आईच्या आठवतील त्या ओळी एकेक करून परत घालायला सुरुवात केली. घोळ, समोर तर आहे, पुसताय, बसा, उठताय. बाबांनी फोनवर ऐकवलेल्या छत्री, गोळी, चष्मा. आईनं अक्षरांची कशी मोडतोड करून ते परकं तोंड वळवलं असेल ते तिला दहादा करून बघावं लागत होतं. दर वेळी आवाज अगदी बारीक करून कान जाळीला लावायचा. ओळी जमत गेल्या. आईनं हे दुपारी, याच खुर्चीवर, असंच गुपचूप केलं असणार, हे तिच्या मनात आलं तेव्हा तिला स्वतःची शिसारी आली. तरी ती थांबली नाही.

बाबा उठून आले. भिंतीला हात, मग खुर्चीच्या पाठीला हात. बसले. तिनं कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. ती पहिली ओळ आता काढून टाकलेली होती.

"बसा. पाठ सरळ ठेवा."

बाबांनी पाठ सरळ केली. चेहरा उजळला. त्यांनी छत्री बघितली, ती दारामागे होती. गोळी बघितली, पुन्हा खोटं न बोलण्याची तंबी मिळाली. मग त्यांनी बोटं चोळली आणि शोधाला लागले. 'टॉवेल.' डबा म्हणाला, "टॉवेल." 'उशी.' "उशी." 'शेजारीण.' "शेजारीण." बाबा हसले आणि म्हणाले, शेजारणीवर काहीतरी असायला हवं होतं, बघ. आज नशीब नाही. उद्या बघू.

उद्या. धाकटीला तो उद्या दिसला, आणि त्याच्या पुढचे सगळे दिसले. म्हातारा रोज सकाळी पाठ सरळ करून बसणार, चार-दोन शब्द टाकणार, रिकाम्या डब्यात हात घालून बायकोला शोधणार, आणि मरेपर्यंत म्हणणार की उद्या बघू. तिनं बोलायला तोंड उघडलं. पण बाबा अजून उठले नव्हते. त्यांनी आणखी एक शब्द टाइप केला, सरावाच्या हातानं, एका दमात.

डबा म्हणाला, "फौजदार."

बाबांची बोटं थबकली. त्यांनी तोच शब्द पुन्हा टाइप केला, या वेळी एकेक अक्षर चाचपत, कुठं चूक नको म्हणून.

"फौजदार."

घरात हा शब्द धाकटीनं कधी ऐकला नव्हता. पण कुणाला उद्देशून असणार तो, हे कळायला काय लागतंय. चिकटपट्ट्या मारणारी, गोळ्या मोजणारी, पाठ सरळ करायला लावणारी. चारचौघांत त्यांनी आईला तसं कधी म्हटलं नव्हतं. ते दोघांतलं होतं, आणि त्यावर डबा जे बोलायचा ते बाबांनी कुणालाच कधी ऐकवलं नव्हतं.

बाबांनी हात मांडीवर घेतले. मग त्यांनी विचारलं, "यातलं तुझं किती?"

"सगळं," ती म्हणाली.

मग तिनं सांगून टाकलं. ओळ कुठली, हुकूम कुठला, तो कसा गेला, ते उठेपर्यंत ती कशी थांबली नाही आणि नंतर काय करत बसली. काही झाकलं नाही. बोलताना ती हुंदके देत होती. बाबांनी मध्ये एकदाही तिला थांबवलं नाही आणि नेहमीसारखं तिचं डोकं शोधून त्यावर हातही ठेवला नाही.

तिचं संपल्यावर ती म्हणाली, तुम्ही तो शब्द टाकल्यावर काय यायचं ते सांगा, मी निदान तेवढं तरी...

"सांगितलं तर तू ते घालशील," बाबा म्हणाले. "आणि मग मला रोज ऐकताना कळेल की ही ती नाही."

ते खुर्चीवरून खाली उतरले, गुडघ्यांवर बसले आणि भिंतीच्या कडेनं हात फिरवत प्लगपाशी पोचले. चिकटपट्टी जुनी होती, कडा मळून काळ्या पडलेल्या. त्यांनी ती घाई न करता, नखानं उचलून, फाटू न देता सोलून काढली. मग प्लग ओढला. डबा सदा एका बारीक सुरात गुणगुणत असायचा, इतकी वर्षं, की घरात तो सूर कुणाला ऐकूच येत नसे. तो थांबला तेव्हा ऐकू आला.

"तुझ्याही ओळी गेल्या ना आता?"

"गेल्या."

"उद्या लाव परत. कोराच राहू दे. मला पत्रं वाचायची असतात." ते उठले, चिकटपट्टी तशीच बोटाला गुंडाळलेली. "मला तुझा राग आलाय, धाकटे. लपवत नाही. तू मुद्दाम केलं नाहीस हे मला कळतं, तरी आलाय. आज इथंच राहा, पण आज माझ्याशी बोलू नकोस."

ती होकाराला मान हलवत राहिली, त्यांना दिसत नाही हे विसरून.

बाबा दाराकडे निघाले. नेहमीच्याच चालीनं, खुर्ची, कपाट, मग चौकट. चौकटीपाशी त्यांचा हात आपोआप वर गेला. कुणी काही म्हटलं नव्हतं. त्यांनी बटण दाबून दिवा बंद केला आणि बाहेर गेले.

धाकटी तशीच अंधारात बसून राहिली.